सॉलोमनरावांचा शुद्ध पाठ

सॉलोमनराव भिंगारदिवे यांचं देवाशी एकाच बाबतीत वाकडं होतं. देवाचं मराठी त्यांना पसंत नव्हतं.

बाकी देवाच्या कारभाराबद्दल त्यांची तक्रार नसे. सहा दिवसांत जग केलं, जलप्रलय आणला, समुद्र दुभंगवला, हे सगळं त्यांना एकंदरीत समाधानकारक वाटे. पण हाच देव पवित्र शास्त्राच्या मराठी पानावर आला, की तो त्यांच्या वर्गातला मागच्या बाकावरचा विद्यार्थी होई आणि सॉलोमनराव तांबडी पेन्सिल काढत. मी हे वाढवून सांगत नाही. त्यांची प्रत मी हाताळली आहे. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत समासात बारीक अक्षरात शेरे होते: 'शिथिल', 'ग्राम्य', 'पुनरुक्ती टाळावी'. दहा आज्ञांच्या शेजारी 'क्रम विचारार्ह' असं लिहून खाली सही केलेली होती.

नगरमधल्या आमच्या ख्रिस्ती समाजात ते नुसते 'सर' होते. इतर सरांना नाव लावावं लागे. एका शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त होऊन त्यांना सात वर्षं झाली होती, पण निवृत्तीची बातमी त्यांच्यापर्यंत नीटशी पोचली नव्हती. रस्त्यानं ते मधोमध चालत. मे महिन्यात काळा कोट, हातात छत्री, कोटाच्या खिशात साखळीचं घड्याळ. भिंगारच्या कॅम्पातले लष्करी ट्रकसुद्धा त्यांना वळसा घालून जात. सरांना वाटे, हा मान आहे.

खेडेगावात सभेला गेले की ते आधी खुर्ची बघत. खुर्चीला हात नसले तर बसत नसत. तक्रारही करत नसत, नुसते उभे राहत. अध्यक्ष उभे म्हटल्यावर सगळी मंडळी उभी. असे आम्ही एकदा दीड तास उभे होतो. शेवटी गावातल्या दोन पोरांनी जाऊन तलाठ्याच्या कचेरीतली हातांची खुर्ची उचलून आणली, तेव्हा सरांनी उपदेश सुरू केला. विषय नम्रता हा होता.

त्यांची प्रार्थना ऐकण्यासारखी असे. इतर लोक देवाकडे काही मागतात. सर देवाला माहिती देत. "हे परमेश्वरा, तुला विदित असेलच की गेल्या मंगळवारच्या सभेत ठराव क्रमांक चार बहुमताने संमत झाला असून..." असं चालू झालं की पुढच्या बाकावरची माणसं गुडघे बदलून घेत. दुसरं कोणी प्रार्थना करू लागलं तर मात्र सर एक डोळा उघडा ठेवून घड्याळ पाहत.

आणि ग्रीक. मायदेशी परत जाताना एका गोऱ्या पाद्र्यानं जड म्हणून मागं टाकलेल्या पुस्तकांत एक ग्रीक भाषेचं पाठ्यपुस्तक होतं. ते सरांनी मिळवलं, त्याला खाकी कागदाचं कव्हर घातलं आणि तेव्हापासून प्रत्येक सभेत ते टेबलावर, समोरच्याला दिसेल असं ठेवू लागले. कुणी काही बोललं की त्यावर दोन बोटं ठेवून म्हणायचे, "मूळ ग्रीकमध्ये तसं नाही." एकदा धर्मशिक्षण पुरं करून नुकताच आलेला एक तरुण पाळक त्यांच्या तावडीत सापडला. विषय स्तोत्रांचा होता. बिचारा अदबीनं म्हणाला, "सर, स्तोत्रं मूळ हिब्रूत आहेत."

सरांनी त्याच्याकडे मायेनं पाहिलं. "हिब्रूच्याही मुळाशी ग्रीकच आहे," ते म्हणाले. "वय झालं की कळेल."

तो तरुण पुढं नगरला फार दिवस राहिला नाही.

सर आमच्या शब्बाथ शाळा समितीचे अध्यक्ष होते. शब्बाथ शाळा म्हणजे मुलांना रविवारी शास्त्र शिकवतात ती शाळा. समितीचं काम वर्षातून एकच: मुलांनी कोणतं स्तोत्र पाठ करायचं ते ठरवायचं, गावोगाव कळवायचं आणि मे महिन्यात नगरला सगळ्यांना बोलावून परीक्षा घ्यायची. समितीत तिघं होतो. अध्यक्ष सर. दुसरे लूकसबुवा, पाथर्डीकडच्या कोरड्या गावांतले म्हातारे पाळक, एकतारीवर कीर्तन करणारे. तिसरा मी. मी हायस्कुलात मराठी शिकवत असे. माझी श्रद्धा यथातथाच होती, हे सगळ्यांना माहीत होतं. पण हस्ताक्षर बरं होतं, म्हणून मला चिटणीस केलं.

परीक्षेत पहिल्या येणाऱ्या मुलीला मुलींच्या बोर्डिंगमध्ये फुकट जागा मिळे. राहणं, जेवण, कपडे, सातवीपर्यंत शाळा. हा नियम बऱ्या दिवसांत केलेला होता आणि बऱ्या दिवसांत त्याच्याकडं कुणाचं फारसं लक्ष नसे. पण मी सांगतो ते साल दुष्काळाचं. पाऊस दुसऱ्यांदा हुकला होता. पूर्वेकडच्या गावांत माणसं सरकारी कामावर खडी फोडत होती, मदतीतल्या सुकडीच्या वाटपाला रांगा लागत होत्या आणि अमेरिकेतून आलेल्या मिलो ज्वारीची तांबडी भाकरी खाऊन लोक एकमेकांना पोटाची हालहवाल विचारत होते. अशा वेळी त्या एका जागेचा अर्थ एका पोरीचं दोन वेळचं जेवण असा झाला. परीक्षेला दरसाल वीस मुली येत. त्या साली पासष्ट नावं आली.

तेव्हा कोणतं स्तोत्र, हा प्रश्न नव्हता. मेंढपाळाचं तेविसावं स्तोत्र ठरलेलंच होतं. प्रश्न आला तो कोणत्या भाषांतरातून, हा.

दोन भाषांतरं होती. एक जुनं, आमच्या आजोबांच्या वेळचं, जड पण घोटलेलं. दुसरं सोप्या मराठीतलं, नुकतं हाती आलेलं. मी नव्याच्या बाजूचा होतो. पोरांना म्हटलेलं कळावं, एवढीच माझी अपेक्षा. लूकसबुवा जुन्याच्या बाजूचे.

"मास्तर, तुमचं खरं हाय," बुवा मला म्हणाले. "नवं लई सोपं हाय. पर आमच्या गावात पोरगं वचन पुस्तकातून पाठ करीत न्हाई. आईच्या तोंडातून करतं. आन् आईला जुनंच येतं. तिला वाचता येत न्हाई, तिला नवं कोन शिकवणार?"

मी सरांकडे पाहिलं.

"अर्थ कळणे हा मुद्दा गौण आहे," सर म्हणाले. "अर्थ कळू लागला की मूल विचार करू लागतं आणि पाठांतर बिघडतं. आणि आया हाही मुद्दा नाही. मुद्दा शुद्धतेचा आहे. जुनं ग्राम्य आहे, नवं बाजारी आहे. मूळ ग्रीकमध्ये..."

"आरं सालू," बुवा म्हणाले, "पोरास्नी म्हनायचंय, तुला न्हाई."

"सभेत अध्यक्ष म्हणावं," सर म्हणाले.

मग त्यांनी खाकी कव्हराच्या पुस्तकाखालून एक कागद काढला. सरांनी दोन्ही भाषांतरं बाजूला ठेवून, दोन्हींतलं उत्तम तेवढं वेचून आणि जिथं दोन्ही अपुरी वाटली तिथं स्वतःची भर घालून एक तिसरं स्तोत्र तयार केलं होतं. वर ठळक अक्षरात लिहिलं होतं: शुद्ध पाठ. मेंढपाळाचा पशुपालक झाला होता. हिरव्या कुरणाचं शाद्वल झालं होतं, प्याल्याचा चषक. मी म्हणालो, पशुपालक ऐकलं की पंचायत समितीतला अधिकारी डोळ्यांपुढं येतो. सरांनी माझं म्हणणं कामकाजात नोंदवून घ्यायला सांगितलं. मीच चिटणीस असल्यामुळे मीच ते नोंदवलं.

बुवांनी कागद डोळ्यांजवळ धरून वाचला. "यष्टी काय हाय हे?"

"काठी," सर म्हणाले. "संस्कृत आहे."

"आमच्याकडं यष्टी म्हंजी लाल गाडी. देवाच्या यष्टीनं धीर येतो म्हटल्यावर पोरं स्टँडावर जाऊन बसतील."

मी हसलो. सर हसले नाहीत. मत घ्यायची वेळ आली तेव्हा जुन्याला एक, नव्याला एक आणि शुद्ध पाठाला एक असं झालं. सरांनी अध्यक्षाचं जादा मत दिलं आणि देवाला त्याची माहिती दिली.

बाहेर पडल्यावर बुवा माझ्याबरोबर बस स्टँडपर्यंत चालत आले. वाटेत म्हणाले, "मास्तर, ह्याची आई आन् माझी आई एका झाडाखाली बसून घायपाताचं दोर वळायच्या. आमी दोघं समोर. दोर वळता वळता ह्याची आई वचनं म्हनायची, आमी मागं म्हनायचो. ह्योच सालू. लई गोड गळा हुता." मग म्हणाले, "आता इचारलं तर म्हनंल, आमच्या घराण्यात शिक्षनाची परंपरा हाय."

सर नेमकं हेच म्हणत असत, अगदी याच शब्दांत.

शुद्ध पाठाच्या दोनशे प्रती सायक्लोस्टाइल होऊन गावोगाव गेल्या. महिन्याभरानं बुवा नगरला आले तेव्हा त्यांनी सारजाबाईची हकीकत सांगितली. सारजाबाई म्हणजे त्यांच्या गावच्या चर्चातली एक मजूर बाई. नवराबायको दोघं खडीच्या कामावर, दसऱ्यानंतर ऊसतोडीला. मुलगी रिबका, दहा वर्षांची, आणि तिच्याखाली तिघं. पोरीला बोर्डिंगात जागा मिळावी, एवढं एकच सारजाबाईच्या डोक्यात होतं. दसऱ्यानंतर पोरगी फडावर आली की तिची शाळा संपली, हे तिला कुणी सांगावं लागत नव्हतं.

कागद आला तेव्हा गावातल्या शाळेच्या मास्तरनं खडीच्या ढिगाऱ्यापाशी उभं राहून तो तिला वाचून दाखवला. तिनं ऐकून घेतला. मग म्हणाली, "ह्यो कागद चुकलाय." मास्तर लिहिताना नेहमी चुकतो, हे तिला ठाऊक होतं, रेशनच्या कार्डावर त्यानं तिच्या नवऱ्याचं नावही चुकवलं होतं. तिनं कागद घडी करून शास्त्राच्या प्रतीत ठेवला. ती प्रत घरात होती, वाचणारं कुणी नव्हतं. मग तिनं पोरीला आपल्या पद्धतीनं शिकवायला घेतलं. आई म्हणायची, पोरगी मागं म्हणायची, आणि वचनाच्या एकेका तुकड्याला हातोडीचा एकेक घाव. तुकडा बरोबर आला तर फुटलेली खडी ढिगावर. चुकला तर खडा बाजूला, पुन्हा पहिल्यापासून.

"मी सांगितलं तिला," बुवा म्हणाले. "म्हटलं, सारजे, औंदा कागदावर हाय तसंच म्हनायचंय. सायबाचा हुकूम हाय. तर म्हनती, बुवा, सरकारचं बोलनं बदलतं. देवाचं कसं बदलंल?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हनणार? माझ्याच्यानं न्हाई बोलवलं," बुवा म्हणाले.

परीक्षा शाळेच्या सभागृहात झाली. मे महिना, पंखा बंद, सर कोटात. हातांची खुर्ची आधीच आणून ठेवली होती. सरांपुढं शुद्ध पाठाची प्रत आणि टोक केलेली तांबडी पेन्सिल. माझ्यापुढं दुसरी प्रत. मूल म्हणू लागलं की आम्ही दोघांनी चुकलेल्या शब्दांवर खूण करायची आणि शेवटी आकडा सांगायचा. मागं भिंतीला टेकून आया बसल्या होत्या, कडेवर लहानगी पोरं.

सकाळभर मुलं आली आणि गेली. बहुतेकांनी दोन-तीन शब्द शुद्ध पाठातले आणि बाकी घरचे असे म्हटले. सरांची पेन्सिल दोनदा टोक करावी लागली. अकराच्या सुमाराला केडगावच्या एका कारकुनाची मुलगी उभी राहिली. केडगावहून बोर्डिंगपर्यंत सायकलनं वीस मिनिटं लागतात. वडिलांनी कागद तिच्याकडून रोज तीन वेळा वाचून घेतला होता. तिनं तो रेल्वेच्या वेळापत्रकासारखा म्हणून टाकला. पशुपालक, शाद्वल, यष्टी, चषक, सगळं जागच्या जागी. एकही खूण नाही.

सर खूश झाले. "हे वचन कुठे आहे, बाळ?"

"कागदावर," मुलगी म्हणाली.

"उत्तम," सर म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

दुपारनंतर रिबकेचं नाव आलं. आईच्या जुन्या पातळाचा फ्रॉक, तेल लावून घट्ट वेणी. तिनं डोळे मिटले आणि सुरू केलं.

"थांब," सर म्हणाले. "पहिलंच वाक्य चुकलं. पुन्हा."

तिनं पुन्हा तसंच म्हटलं.

"पुन्हा."

तिनं तिसऱ्यांदा तसंच म्हटलं, आणि या वेळी न थांबता पुढं गेली. म्हणताना तिचा उजवा हात कोपरातून किंचित खाली येत होता, एकेका तुकड्याला एकदा.

"हात हलवू नये," सर म्हणाले.

तिनं हात पाठीमागं धरले आणि म्हणत राहिली. मागच्या भिंतीपाशी काहीतरी होत होतं, म्हणून मी मान वळवली. बसलेल्या बायकांचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. पंधरा-वीस बायका, कडेवरचं मूल थोपटता थोपटता, त्या पोरीबरोबर म्हणत होत्या. लूकसबुवाही म्हणत होते. माझा तर या प्रकारांवर विश्वास नाही. पण माझी खूण करायची पेन्सिल कागदावर टेकली नव्हती, हे मला नंतर कळलं. सरांची पेन्सिल मात्र चालू होती. दुष्काळातल्या गावची ती पोर, खडीवर पाठ केलेलं हिरव्या रानाचं आणि संथ पाण्याचं गाणं, शेवटपर्यंत एक शब्द न अडखळता म्हणून गेली. मागून कुणीतरी हलकेच आमेन म्हटलं.

"एक्केचाळीस," सर म्हणाले.

सारजाबाई उठून पुढं आली. पदर नीट करून टेबलापाशी उभी राहिली. "सायेब, कुठं चुकलं?"

सरांनी कागद तिच्यापुढं धरला. "पाहा. तांबड्या खुणा."

"मला वाचता येत न्हाई. पर सायेब, ह्यो कागद चुकलाय. मास्तरनं लिवताना चुकीवलाय."

"कागद मी लिहिला आहे."

सारजाबाईनं एकदा कागदाकडं आणि एकदा सरांकडं पाहिलं. तिच्या बाजूनं तो प्रश्न तिथं मिटला असावा, कारण पुढं ती कागदाबद्दल बोललीच नाही. "बरं. मग तुमी एकदा म्हनून दाखवा. मी ऐकून घेते. दोन दिसांत शिकविते पोरीला. लई हुशार हाय ती, तुमी बगा. परवा परत आनते."

मागणी अवघड नव्हती. सहा वचनांचं स्तोत्र, ज्यानं स्वतः लिहिलं त्यानं म्हणायचं.

सरांनी साखळी ओढून घड्याळ काढलं. "वेळ झाली आहे," ते म्हणाले. "प्रार्थना करू या."

त्या प्रार्थनेत देवाला पासष्ट मुलींच्या उपस्थितीची माहिती मिळाली.

संध्याकाळी लूकसबुवांनी मला एक अर्ज लिहायला सांगितला. एकाच वाक्याचा होता: ज्या मुलींनी स्तोत्र जुन्या भाषांतराप्रमाणे बिनचूक म्हटलं आहे, त्यांचं पाठांतर ग्राह्य धरावं. तसं धरलं असतं तर जागा रिबकेची होती. संपूर्ण स्तोत्र बिनचूक म्हणणाऱ्या दोघीच होत्या आणि दुसऱ्या मुलीच्या वडिलांजवळ सायकल होती, म्हणजे ती घरून शाळेला येऊ शकत होती. अध्यक्षांची एक सही पुरली असती. बुवांनी खाली अंगठा नाही, सही केली, आणि ती करताना जीभ बाहेर काढली होती. "तू ने," मला म्हणाले. "माझं त्यो ऐकणार न्हाई. मी त्याला लई ल्हानपनापासनं वळखतो."

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी सरांच्या घरी गेलो. एका हातात निकालपत्र, एका हातात अर्ज. सर टेबलाशी बसले होते. कोट अंगात होता, घरीही असे. टेबलावर शुद्ध पाठाचा कागद.

"दार लावा," ते म्हणाले.

मी लावलं.

"त्या बाईनं काल म्हणून दाखवा म्हटलं. अध्यक्षानं सभेत म्हणणं प्रघाताला धरून झालं नसतं. पण तयारी असावी." त्यांनी कागद आणि तांबडी पेन्सिल माझ्यापुढं सरकवली. "तपासा."

ते उभे राहिले. कोटाची बटणं लावली. डोळे मिटले. पहिली ओळ शुद्ध पाठातली आली, पशुपालकासह. दुसरी आली. शाद्वलही आलं. तिसऱ्या ओळीपाशी ते थांबले. ओठ हलले, शब्द आला नाही. मग एक शब्द आला तो कागदावर नव्हता. त्याच्यामागून दुसरा आला. आणि मग जुनं भाषांतर, काल त्या पोरीनं म्हटलं होतं तेच, आपोआप, भराभर बाहेर पडू लागलं. आवाज बदलला. शाळेतला तो जाडा, ठेवणीतला आवाज गळून पडला आणि पाथर्डीकडच्या एखाद्या म्हाताऱ्या बाईचा हेल त्यात आला. शब्दांचे शेवट लांबू लागले. गळा खरंच गोड होता.

मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. डावा तळवा स्थिर होता आणि त्यावर उजवा तळवा पुढं सरकत होता, मागं येत होता, पुन्हा पुढं. एकेका तुकड्याला एक पीळ. साठीच्या पुढचा, काळा कोट घातलेला माणूस बंद खोलीत उभा राहून, हातात नसलेला दोर वळत होता.

शेवटच्या वचनापर्यंत ते असेच गेले. मग डोळे उघडले. त्यांनी आधी आपले तळवे पाहिले आणि ते एकमेकांपासून वेगळे केले.

मी अर्ज निकालपत्राच्या वर ठेवला. आयुष्यभर मी माणसांबद्दल फारशी आशा धरली नाही, आणि त्यात माझं नुकसान झालं असं मला वाटत नाही. पण त्या दोन मिनिटांत मी धरली, हे कबूल केलं पाहिजे.

"किती?" सरांनी विचारलं.

मी मोजलं. "तेहेतीस."

त्यांनी कागद आपल्याकडे वळवून खुणा पाहिल्या.

"त्या मुलीच्या किती होत्या?"

"एक्केचाळीस."

"म्हणजे आठांचा फरक आहे," सर म्हणाले. खुर्चीत बसताना त्यांचा चेहरा पुष्कळ निवळला होता. "आणि मी तयारी केली नव्हती."

त्यांनी अर्ज उचलला, वाचला, पेन्सिल माझ्या हातातून घेतली आणि समासात लिहिलं, 'शिथिल'. तो मला परत केला. वाक्य माझं होतं. मग शाईचं पेन काढून निकालपत्रावर सही केली: पूर्ण नाव, पदवी, खाली 'निवृत्त मुख्याध्यापक', त्याखाली 'अध्यक्ष'. त्याच्याही खाली चिटणीसासाठी एक ओळ कोरी होती. मी सही केली. हस्ताक्षर बरं असल्यामुळे ती त्यांच्या सहीपेक्षा नीट आली.

जूनमध्ये केडगावची मुलगी बोर्डिंगात गेली आणि पहिल्याच रविवारी घरी राहायला आली. घर जवळच होतं. रिबका दसऱ्यानंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला गेली. कुठल्या कारखान्याकडं, ते लूकसबुवांनाही सांगता आलं नाही. पुढच्या मे महिन्यात तिचं नाव यादीत नव्हतं. मी समिती सोडली. माझ्या जागी आणखी बऱ्या हस्ताक्षराचा माणूस मिळाला. सरांची माझी गाठ नंतर पडली नाही.

सह्या झाल्या त्या दिवशी निरोप घेऊन मी दारापर्यंत गेलो होतो. मागून आवाज आला म्हणून वळून पाहिलं. सर पुन्हा उभे राहिले होते, डोळे मिटून, आणि पशुपालकापासून म्हणू लागले होते. तिसऱ्या ओळीपाशी आवाज अडला. या खेपेस दोन्ही हात त्यांनी कोटाच्या खिशांत घालून घट्ट धरून ठेवले होते.